मैफल थांबू न देणारा टॉम
हसण्यामागची कारागिरी : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण बस्टर कीटनच्या अंगावर कोसळणारी घराची दर्शनी भिंत पाहिली आणि वरच्या मजल्याची खिडकी नेमकी त्याच्या डोक्यावरून गेल्यामुळे तो कसा बचावला तेही पाहिलं. १९२८ च्या ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मधला तो प्रसंग खऱ्या भिंतीवर आणि खऱ्या माणसावर चित्रित झाला होता, म्हणून तिथे हसण्याआधी काळजाचा ठोका चुकतो. आज भिंत नाही, माणूस नाही, धोकाही नाही. सगळं हाताने काढलेलं, रंगवलेलं. तरीही फटका, चिमटा, आपटी यांवर आपण पोट धरून हसतो. ज्याला लागतच नाही त्याला लागलेलं पाहून हसू का यावं? या प्रश्नासाठी मी विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० ते १९५८ या काळात केलेल्या टॉम आणि जेरीच्या ११४ लघुपटांपैकी एकच निवडला आहे : १९४७ मध्ये प्रदर्शित झालेला ‘द कॅट कॉन्चेर्टो’.

लघुपट आठ मिनिटांचाही नाही. काळा टेलकोट घातलेला टॉम रंगमंचावर येतो, टाळ्यांचा स्वीकार करतो, पियानोपुढे बसतो आणि फ्रान्झ लिस्टची ‘हंगेरियन ऱ्हॅप्सडी क्रमांक २’ वाजवू लागतो. जेरी पियानोच्या आत झोपलेला आहे. वादन सुरू होताच आतल्या हातोड्या त्याला ढोसून उठवतात, आणि तिथून झोपमोड झालेला उंदीर आणि मैफल करायला आलेलं मांजर यांची जुंपते. कथा एवढीच. एकही संवाद नाही. घर नाही, फ्रीज नाही, स्पाइक कुत्रा नाही. एक वाद्य, एक रचना, दोन प्राणी.

या मालिकेतले बाकीचे बहुतेक लघुपट पाठलागाचे आहेत. टॉम धावतो, जेरी पळतो, वाटेत जे येईल ते फुटतं. इथे पाठलाग जवळजवळ नाहीच, कारण टॉमला जागेवरून उठता येत नाही. समोर जाणकार श्रोते आहेत, अंगात टेलकोट आहे आणि रचना अर्ध्यावर सोडता येणार नाही. हॅना-बार्बेरांनी त्याच्यावर घातलेलं हे एकच बंधन म्हणजे या लघुपटाचा प्राण आहे असं मला वाटतं. त्याला उंदराशी लढायचं आहे, पण हात पियानोवरच ठेवून. मग तो एका हाताने वाजवत दुसऱ्या हाताने जेरीला गप्प करू पाहतो. हात मोकळे हवेत म्हणून पायांनी वाजवतो. चेहरा मात्र शक्य तितका वेळ प्रतिष्ठित कलावंताचाच ठेवतो. आपटाआपटीच्या विनोदाला फटका लागतोच, पण त्याहून जास्त लागते ती शान. गबाळ्या कपड्यातला माणूस घसरून पडला तर आपल्याला त्याची कणव येते. टेलकोटातला, मान ताठ ठेवून चालणारा घसरला आणि काही झालंच नाही असं दाखवू लागला, की हसू आवरत नाही. टॉम आठ मिनिटं हेच दाखवत राहतो.

पियानोची रचना माहीत असेल तर मजा दुप्पट होते. पट्टी दाबली की तिच्या दुसऱ्या टोकाकडची यंत्रणा नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर फेकते. तार वाजते आणि हातोडी लगेच मागे येते. म्हणजे पियानोला दोन बाजू आहेत. बाहेरची बोटांची आणि आतली हातोड्यांची. श्रोत्यांना फक्त बाहेरची दिसते. पटकथेने टॉमला बाहेर आणि जेरीला आत बसवलं, आणि एकाच यंत्राची दोन टोकं दोन शत्रूंच्या हाती आली. टॉमने बोट ठेवलं की आत जेरीला दणका बसतो. जेरीने आत हातोडी हलवली की बाहेर टॉमने न वाजवलेला स्वर ऐकू येतो. एका जागी तर टॉम एक नाजूक ओळ संपवून थांबतो आणि पियानो त्याच्याशिवाय वाजतच राहतो. वाकून पाहतो तर आत जेरी. या लढाईत फेकून मारायला बाहेरून वस्तू फारशा आणाव्या लागत नाहीत. वाद्याची प्रत्येक हालचाल हेच शस्त्र आहे.

आता कात्रीचा प्रसंग. लघुपटातला माझ्या दृष्टीने सर्वात बारकाईने घडवलेला. टॉमचं एक बोट पियानोच्या अगदी डाव्या टोकाच्या, खर्जाच्या पट्टीवर येतं आणि स्वर वाजवून निघून जातं. जेरी तिथे कात्री उघडून बसला आहे. बोट येतं, कात्री मिटते, बोट निसटलेलं असतं. पुन्हा येतं, पुन्हा मिटते, पुन्हा निसटतं. टॉमला यातलं काहीच ठाऊक नाही. तो फक्त लिस्टने लिहिलं तसं वाजवतोय. प्रेक्षक प्रत्येक वेळी श्वास रोखतो आणि प्रत्येक वेळी सुटकेचं हसतो. चारपाच वेळा हे झालं की आपली खात्री होते की आता पुढच्या वेळी बोट सापडणार. पण सापडत नाही. जेरी कात्री टाकून पट्ट्यांच्या पार दुसऱ्या टोकाला जातो, तारस्वरांच्याही पुढे, आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या जागी उंदराचा सापळा लावतो. टॉमची बोटं आता त्या टोकाला नाचू लागतात. सापळ्याच्या अलीकडे, पलीकडे, पुन्हा अलीकडे. आणि मग खटकन.

इथे केलेलं काम नीट पाहायला हवं. अपेक्षा डावीकडे वाढवली, फळ उजवीकडे दिलं. तेही ताबडतोब नाही. सापळा दिसल्यावर आणखी थोडं ताणलं. उंदराने सापळा लावायचा आणि मांजराने त्यात सापडायचं, ही उलटापालट आहेच, पण नुसत्या कल्पनेवर हसू आलं नसतं. हसू येतं ते कधी यावर.

या ‘कधी’चा हिशेब हॅना करत. बार्बेरा न्यूयॉर्कमध्ये वाढलेले, बँकेत नोकरी करता करता मासिकांना व्यंगचित्रं विकणारे. त्यांचा हात अतिशय जलद होता आणि प्रसंग सुचवून त्यांची रेखाटनं करणं हे मुख्यतः त्यांचं काम. हॅना न्यू मेक्सिकोत जन्मलेले, संगीताचा कान असलेले. कुठली हालचाल किती फ्रेममध्ये बसवायची हे ते ठरवत. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. म्हणजे एका मात्रेला १२ फ्रेम दिल्या तर मिनिटाला १२० मात्रांची लय होते, ८ दिल्या तर १८० ची. कात्री मिटण्याच्या दोन फ्रेम आधी बोट उचललं तर ते निसटलेलं दिसतं; आठ फ्रेम आधी उचललं तर कात्रीतला धोकाच संपतो आणि विनोद मरतो. इतक्या बारीक अंतरावर हे हसू उभं आहे. व्यंगपटाचे तंत्रज्ञ प्रत्येक फ्रेमचा कागदोपत्री हिशेब ठेवत, आणि संगीतकाराच्या हाती मात्रांनुसार आखलेले तक्ते असत.

संगीतकार होते स्कॉट ब्रॅडली. हॅना-बार्बेराच्या जवळजवळ सगळ्या टॉम-जेरींचं संगीत त्यांचं आहे, आणि त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं ही मला बोचणारी गोष्ट आहे. मुलांच्या विनोदी चित्रासाठी लिहिताना त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. आधुनिक संगीतकार शोनबर्गच्या बारा स्वरांच्या पद्धतीचाही त्यांनी या लघुपटांत उपयोग केला. एरवी हालचाल आधी ठरायची आणि संगीत तिच्यावर बेतलं जायचं. ‘द कॅट कॉन्चेर्टो’त मालक संगीत आहे. वादन आधी, चित्रं त्याबरहुकूम. लिस्टची रचना जिथे संथ आहे तिथे भांडण धुमसतं, जिथे ती धावू लागते तिथे भांडण पेटतं. मुळातच ही ऱ्हॅप्सडी दोन भागांची आहे : आधी गंभीर, विलंबित ‘लासान’, नंतर द्रुत ‘फ्रिश्का’. गती वाढत जाण्याचा नकाशा लिस्टने १८४७ मध्येच काढून ठेवला होता, व्यंगपटकारांनी त्यावर मांजर-उंदीर बसवले.

चित्रकारांची निष्ठा इथे दिसते. केन म्यूझ, एड बार्ज आणि अर्व्हन स्पेन्स यांनी काढलेली टॉमची बोटं ऐकू येणाऱ्या स्वरांच्या मागोमाग पट्ट्यांवर फिरतात. स्वर खर्जात गेला की हात डावीकडे, झरझर वर चढला की हातही चढतो. पियानो जाणणाऱ्यांनी या अचूकपणाची वाखाणणी केली आहे. वाटेल तिथे बोटं आपटताना दाखवली असती तरी मुलं हसली असती. पण मग कात्रीचा प्रसंग उभाच राहिला नसता, कारण बोट त्या खर्जाच्या पट्टीवर ‘यायलाच हवं’ हे आपल्याला कानांनी पटलेलं आहे. जेरीचा डाव टॉमच्या नव्हे, लिस्टच्या लिखाणावर रचलेला आहे. अशक्य गोष्ट हसवते ती तिच्याभोवतीचं सगळं शक्य आणि काटेकोर असलं तरच.

मधेच जेरी हातोड्यांवर नाचू लागतो आणि लिस्ट नाहीसा होऊन पियानोतून ‘ऑन द ॲचिसन, टोपीका अँड द सँटा फे’ या गाण्याची चाल येते. हे गाणं टॉम-जेरी काढणाऱ्या एमजीएम स्टुडिओच्याच ‘द हार्वी गर्ल्स’ या १९४६ च्या चित्रपटातलं, त्या काळी अमेरिकेत तोंडातोंडी असलेलं. शास्त्रीय मैफलीत सिनेमाचं गाणं घुसल्यावर तेव्हाच्या थिएटरात काय झालं असेल याची कल्पना करता येते. मार्च १९४७ च्या ऑस्कर समारंभात सर्वोत्कृष्ट गाण्याचं पारितोषिक याच गाण्याला मिळालं आणि व्यंगलघुपटाचं ‘द कॅट कॉन्चेर्टो’ला. टॉम-जेरीचं ते सलग चौथं ऑस्कर. पुढे एकूण सात झाली. ती सगळी निर्माते फ्रेड क्विंबी यांनी स्वीकारली. कल्पना लढवणारे, फ्रेम मोजणारे हात मंचावर दिसले नाहीत.

त्याच सुमारास वॉर्नर ब्रदर्सचा, फ्रिझ फ्रीलेंग दिग्दर्शित ‘ऱ्हॅप्सडी रॅबिट’ही आला. त्यात बग्ज बनी मैफलीत हीच रचना वाजवतो आणि त्यालाही पियानोतला उंदीर छळतो. साम्य इतकं की दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांवर चोरीचा संशय घेतला. कुणी कुणाचं उचललं याचा निकाल कधीच लागला नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो दोहोंमधला फरक. बग्ज प्रेक्षकांशी बोलतो, त्यांना डोळा मारतो, मैफल त्याच्यासाठी चेष्टाच आहे. टॉमला मात्र खरंच चांगलं वाजवायचं आहे. म्हणून त्याचा छळ जास्त हसवतो आणि जास्त लागतोही.

शेवटही याच इच्छेतून येतो. वैतागलेला टॉम जेरीला हातोड्यांमध्ये कोंबतो आणि अखेरचा द्रुत भाग त्याच्यावर सूड म्हणून बडवतो. आतून जेरी ठेचला जातो, मग तोही पेटतो, दोन हातोड्या मोडून काढतो आणि तारांवर स्वतःच अंतिम भाग वाजवू लागतो. आता टॉमची पंचाईत अशी की वाद्य वाजतंय, श्रोते पाहतायत, तेव्हा हात तर हलवायलाच हवेत. तो उंदराच्या गतीमागे फरफटत जातो. रचना संपते; टॉम कोसळणार तोच जेरी पुन्हा सुरू करतो. पुन्हा संपते, पुन्हा सुरू. खऱ्या समेवर पोचेपर्यंत टॉमच्या टेलकोटाच्या चिंध्या झालेल्या असतात. टाळ्यांचा कडकडाट होतो आणि प्रकाशझोत जेरीवर स्थिरावतो.

मारहाणीचे हे लघुपट मुलांना दाखवावेत का, असा प्रश्न पालक विचारतात. या मालिकेबद्दलची माझी खरी तक्रार वेगळी आहे : तिच्या काही भागांतली कृष्णवर्णीयांची चित्रणं अपमानकारक आहेत आणि ती मुलांसोबत पाहताना बोलायलाच हवं. ‘द कॅट कॉन्चेर्टो’त तसं काही नाही. मारहाणीचं म्हणाल तर बोटं झाकणाखाली चेपतात आणि पुढच्या क्षणी शाबूत होऊन स्वर चुकू न देता पुढे जातात. वेदना रेंगाळली असती तर ते क्रौर्य झालं असतं. लय तिला रेंगाळू देत नाही. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे.

आपल्याकडचं सांगायचं तर मुंबईत धोबीतलावचं मेट्रो थिएटर एमजीएमने १९३८ मध्ये स्वतःच उभारलं होतं, आणि मोठ्या चित्रपटाआधी छोटी व्यंगचित्रं दाखवायचा तो काळ होता. नंतरच्या पिढीला टॉम-जेरी भेटले ते १९९५ पासून कार्टून नेटवर्कवर. संवाद नसल्यामुळे भाषांतराची गरज पडली नाही, आणि लिस्टचं नाव कानावर पडण्याआधी त्याची चाल आपल्याकडच्या कितीतरी मुलांच्या कानात बसली.

हा लघुपट तुम्ही पूर्वी पाहिला असेलच. या आठवड्यात तो दोनदा पाहा, शक्य तर घरातल्या मुलांबरोबर. एकदा आवाज बंद करून, फक्त बोटांकडे लक्ष ठेवून. आणि एकदा डोळे मिटून. कात्री कुठे मिटते ते डोळे मिटूनही ओळखता आलं का, ते मला जरूर कळवा. पुढच्या लेखांकात चक जोन्स यांचा १९४९ चा ‘फास्ट अँड फरी-अस’ घेऊ, ज्यात रोडरनर आणि कायोटी पहिल्यांदा पडद्यावर आले.