जिरवलेले पाणी कोणाचे?

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांनी शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतींवर वाचली आहे. 1972 च्या दुष्काळापासून आजवर डोंगरउतारांवर सलग समतल चर खणले गेले, ओढ्यांवर नालाबांध आणि सिमेंट बंधारे उभे राहिले, शिवारात शेततळी झाली. पाणलोट म्हणजे काय हे आता कोरडवाहू भागातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. तरीही उन्हाळा लागला की यातल्याच कितीतरी गावांत टँकर येतो. याचे नेहमीचे उत्तर असे, की कामे निकृष्ट झाली, ठेकेदारांनी पैसे खाल्ले, गाळ काढला गेला नाही. त्यात तथ्य आहेच. पण ज्या गावांत कामे चोख झाली, तिथेही चार-पाच वर्षांत विहिरी पुन्हा तळ गाठतात, त्याचे काय? कारण असे, की पाणी जमिनीत कसे घालायचे याचे धोरण आपण आखले. ते बाहेर किती आणि कोणी काढायचे, हे मात्र ज्याच्या-त्याच्या पंपावर सोडून दिले. पाणलोट वाचवायचा असेल तर पुढची सुधारणा बंधाऱ्यात नव्हे, उपशात करावी लागेल.

हे आपल्याकडे जास्तच खरे आहे, कारण महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग बेसाल्टच्या कठीण खडकावर वसला आहे. गंगेच्या खोऱ्यातल्या गाळाच्या जमिनीत शेकडो फूट वाळूचे थर पाणी धरून ठेवतात. आपल्याकडे तशी सोय नाही. एखादी जुनी, न बांधलेली विहीर वरून पाहिली तर सारा मामला उघडा दिसतो. वर हात-दोन हात काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग फुटका-भेगाळलेला खडक आणि तळाशी अखंड काळा पाषाण. पाणी साठते ते प्रामुख्याने मुरमात आणि भेगांत, तेही खडकाच्या एकूण आकारमानाच्या जेमतेम दोन-तीन टक्के. हा साठा चांगल्या पावसाळ्यात लवकर भरतो आणि उपसला तर तितक्याच लवकर रिता होतो. दोनशे-तीनशे फुटांच्या बोअरला लागणारे पाणी पाषाणातल्या खोल भेगांचे असते. ते भरायला फार काळ लागतो आणि अनेकदा त्याच भेगांवाटे वरच्या विहिरींचे पाणीही खाली ओढले जाते. त्यामुळे एकाने बोअर पाडली की शेजाऱ्याची विहीर आटते, मग तोही बोअर पाडतो. ही शर्यत जिंकतो तो अधिक खोल जाण्याची ऐपत असलेला.

एका काल्पनिक गावाचा हिशेब मांडून पाहू. गावाचे क्षेत्र एक हजार हेक्टर, पाऊस 500 मिलिमीटर. म्हणजे शिवारात वर्षाला 500 कोटी लिटर पाणी पडते. त्यातले बरेचसे बाष्प होऊन जाते, काही वाहून जाते, आणि बेसाल्टच्या प्रदेशात सर्वसाधारणपणे दहा टक्क्यांच्या आसपास जमिनीत मुरते. म्हणजे 50 कोटी लिटर. माथा ते पायथा उत्तम कामे करून हे प्रमाण पंधरा टक्क्यांवर नेले, असे धरू. गावाच्या खात्यात 25 कोटी लिटर वाढले. आता पाट पाण्याने भिजवलेल्या उसाला पावसाचा वाटा वजा जाता हेक्टरी दीड कोटी लिटर लागतात असे मानले, तर हे वाढीव पाणी सतरा हेक्टर, म्हणजे बेचाळीस एकर उसात संपते. तेच पाणी रब्बी ज्वारीला किंवा हरभऱ्याला एक संरक्षित पाळी म्हणून दिले तर चारशे हेक्टरला पुरते. आणि दोन हजार वस्तीच्या गावाला, माणशी रोज 55 लिटर धरून, वर्षभर पिण्यासाठी लागते अवघे चार कोटी लिटर! तीन हेक्टरांपेक्षा कमी ऊस जेवढे पाणी पितो, तेवढ्यात सारे गाव वर्षभर भागते. खडक आणि पिकाच्या वाणानुसार आकडे बदलतील, पण प्रमाण फारसे बदलणार नाही. वर्षानुवर्षांच्या श्रमदानातून कमावलेले पाणी पाच-सात शेतकऱ्यांच्या पीकनिवडीत एका हंगामात जाऊ शकते, आणि त्यात कोणाचीही लबाडी नसते.

सरकारी लेखापरीक्षणातही हेच दिसले. डिसेंबर 2014 मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर साडेनऊ हजार कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. 2020 मध्ये विधिमंडळापुढे आलेल्या ‘कॅग’च्या अहवालात सहा जिल्ह्यांतली 120 गावे तपासली होती. त्यातल्या 83 गावांत निर्माण झालेला साठा पिण्याची आणि शेतीची गरज भागवायला अपुरा ठरला. पाणी उपलब्ध होताच अधिक पाणी पिणाऱ्या नगदी पिकांकडे कल वाढल्याचेही अहवालाने नोंदवले. या अहवालावर राजकीय धुरळा बराच उडाला, पण हा मुद्दा त्याखाली गाडला गेला. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतही असाच उलटा प्रकार घडला. ओढ्याचे, उताराचे पाणी साठवण्यासाठी कल्पिलेले शेततळे प्लॅस्टिकचे अस्तर लावून अनेक ठिकाणी बोअरच्या पाण्याने भरले जाऊ लागले. जमिनीखाली सुरक्षित असलेले सामाईक पाणी वर आणून उन्हात ठेवायचे आणि ते खासगी करायचे, असा त्याचा अर्थ होतो.

उलट जिथे पाणी टिकले, तिथे आधी वापराचा नियम होता. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी 1972 नंतर पाणी पंचायत उभी केली. तिचा कणा बंधाऱ्यापेक्षा वाटपाचा होता. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला फार तर अडीच एकर एवढ्यापुरते; भूमिहीनालाही वाटा; जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकायचा नाही; आणि ऊस घ्यायचा नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने शेतीसाठी बोअर बंद केल्या आणि दरवर्षीच्या पावसाचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून त्यावरून पिके ठरवायला सुरुवात केली. या गावांचे चर आणि बांध पाहायला राज्यभरातून सहली गेल्या. नियम फार थोड्यांनी सोबत नेले.

यावर पहिला आक्षेप कायद्याच्या अंगाने येतो. माझ्या जमिनीखालचे पाणी माझे, ते किती काढायचे हे गाव कोण ठरवणार? या समजुतीला 1882 च्या सुविधाधिकार कायद्याचा आधार आहे. पण तो काळ मोटेचा होता. बैल जेवढे ओढतील तेवढेच पाणी वर येई, म्हणून वेगळ्या मर्यादेची गरज नव्हती. शिवाय आज माझ्या विहिरीत दिसणारे पाणी शेजाऱ्याच्या बांधावर आणि गायरानाच्या चरांत मुरलेले असते. तिथला खर्च सार्वजनिक असेल तर मालकी निव्वळ खासगी कशी? महाराष्ट्राने ही दुरुस्ती कागदावर केलीही आहे. 2009 चा भूजल अधिनियम 2014 पासून अमलात आहे. शेती आणि उद्योगासाठी साठ मीटरहून खोल विहिरींना मनाई, विहिरींची नोंदणी, अधिसूचित क्षेत्रात पाणलोट समिती आणि भूजलाच्या वापराचा आराखडा, अशा तरतुदी त्यात आहेत. नियमांचा मसुदा 2018 मध्ये हरकतींसाठी निघाला. पण साठ मीटरची मर्यादा गावात कोणाला माहीत आहे, आणि बोअरच्या गाडीला ती कोण सांगतो? कायदा बव्हंशी कागदावरच राहिला आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. ऊस सोडा म्हणणे सोपे, पण ठरलेला दर मिळण्याची खात्री असलेले दुसरे पीक कोणते? उसाला एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) आहे आणि दारात येणारी तोडणीची टोळी आहे. तुरीला, ज्वारीला हमीभाव जाहीर होतो, खरेदी केंद्र वेळेवर उघडतेच असे नाही. हा युक्तिवाद मान्य करावाच लागतो. म्हणूनच पीक आराखडा नुसत्या मनाईने चालणार नाही. जे गाव कमी पाण्याची पिके घेईल तिथे खरेदीची हमी आधी पोचली पाहिजे. एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज मिळते. संकटातल्या शेतकऱ्याला दिलासा हवाच, पण तोच पैसा पंपाच्या तासांशी न जोडता पिकाच्या भावात दिला, तर दिलासा मिळेल आणि उपशालाही चालना मिळणार नाही. वाढत्या उपशावरचे उत्तर म्हणून ठिबक सिंचन सांगितले जाते. ठिबकने एकरामागे पाणी वाचते. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लागला तर गावाचे काहीच वाचत नाही.

तिसरा आक्षेप न्यायाचा. शहरे आणि कारखाने हवे तेवढे उचलणार आणि हिशेब फक्त खेड्याने ठेवायचा का? मुळीच नाही. मोठ्या प्रमाणावर हिशेब ठेवता येतो, हे गोदावरी खोऱ्याने दाखवले आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2014 च्या आदेशानुसार 15 ऑक्टोबरला जायकवाडीची स्थिती 65 टक्क्यांखाली असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा विचार करावा लागतो. नाशिक-अहिल्यानगर आणि मराठवाडा यांच्यात त्यावरून तुटीच्या वर्षांत कटुता येते, प्रकरण न्यायालयातही गेले. तरी भांडण आकड्यांवर होते, हीच प्रगती आहे. जे खोऱ्याला लागू, ते ओढ्याच्या पाणलोटालाही लागू होऊ शकते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्याचे सुमारे दीड हजार पाणलोट पाडलेले आहेत आणि निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. अटल भूजल योजनेत निवडक गावांनी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवातही केली. पण ताळेबंदात तूट निघाल्यावर पुढे काय, हे ठरवण्याचा अधिकार आणि जबाबदारी प्रत्यक्षात कोणाकडेच नाही.

ती ग्रामसभेला आणि पाणलोट समितीला द्यावी. पाऊस ओसरला की ऑक्टोबरमध्ये समितीने पिण्याचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढावे, उरलेल्यावर रब्बीचे क्षेत्र ठरवावे, नवी बोअर मंजूर करायची की नाही ते सांगावे. आणि पाणलोटाच्या कामांना निधी देताना शासनाने एक अट घालावी: आधी उपशाचा ठराव, मग जेसीबी. अट कडक वाटेल. पण तिच्याविना केलेल्या खर्चातून पाणी वाढते ते खोल जाण्याची ऐपत असलेल्याचे, आणि त्याचा भार साऱ्या करदात्यांनी का उचलावा, याला उत्तर नाही.