कोयत्याच्या वाटेचा हिशेब

दसरा मेळावे उरकले, दिवाळी तोंडावर आली किंवा नुकतीच सरली, की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी या तालुक्यांच्या गावांत एमएच ०९ पाटीचे ट्रॅक्टर दिसू लागतात. मागे दोन-दोन रिकाम्या ट्रॉल्या लावून ते कोल्हापूरहून आलेले असतात. परत जाताना त्यांत माणसे असतात, आणि ती बहुतेक जोडप्याजोडप्यांनी बसलेली असतात, कारण ऊसतोडीच्या धंद्यात करार सहसा एकट्या माणसाशी होत नाही. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा आला तर अर्धा. बालाघाटाच्या कोरड्या डोंगररांगांतून निघून शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागलच्या हिरव्या फडांपर्यंत जाणारा हा साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता महाराष्ट्रातल्या कामकरी जोडप्यांचा सर्वांत मोठा वार्षिक प्रवास असावा. या प्रवासाचे दिवस मात्र कुठल्याच वहीत चढत नाहीत. तोडणीचा दर टनावर ठरतो, कायदा राज्याची सीमा ओलांडल्यावरच लागू होतो आणि कारखान्याचा हिशेब पहिली मोळी बांधली जाते तिथून सुरू होतो. माझे म्हणणे असे की वाटेतले दिवस हे कामाचेच दिवस आहेत आणि त्यांची मजुरी द्यायला हवी.

ट्रॉली भरताना पाहिली तर हे म्हणणे पटायला वेळ लागत नाही. तळाशी ज्वारी-बाजरीची पोती जातात. फडावर किराणा उधारीवर आणि महाग मिळतो, म्हणून चार-पाच महिन्यांचे धान्य घरूनच न्यावे लागते. त्यावर कोपीचे, म्हणजे फडावरच्या झोपडीचे, सामान: बांबू, चटया, ताडपत्री, सुतळीची बंडले. मग पत्र्याची पेटी, हंडे, तवा-परात, रॉकेलची जागा घेतलेला चार्जिंगचा दिवा, अंथरुणाच्या वळकट्या. कोयते पोत्याच्या फडक्यात गुंडाळून कडेला खोचलेले असतात, पात्याला पोरांचा हात लागू नये म्हणून. एखाद्या शेळीचे दावे ट्रॉलीच्या कडीला, कोंबड्या पाटीखाली. या सगळ्याच्या वर माणसे चढतात. बसायची जागा आखलेली नसते. सामानाचा जिथे खळगा होईल तिथे बायका तान्ह्या मुलांना घेऊन बसतात, पुरुष कडेला, म्हातारी माणसे ड्रायव्हरच्या बाजूच्या तोंडाशी. ज्यांची स्वतःची बैलगाडी आहे, त्यांचे बैल ट्रकमधून आणावे लागतात आणि बैलांना वाटेत वैरण-पाणी दाखवण्याचे काम वेगळे. हे भरणे, बांधणे, काय न्यायचे नि काय मागे ठेवायचे हे ठरवणे, घरी राहिलेल्या म्हातारा-म्हातारीची आणि शाळेतल्या पोरांची सोय लावणे, यातले बहुतेक बाईच्या अंगावर पडते. कोयता म्हणून तिची नोंद फडावर होते, पण तिचे काम त्याआधी आठवडाभर सुरू झालेले असते.

रस्ता सहसा जामखेड, करमाळा, टेंभुर्णी, पंढरपूर, सांगोला, मग जुनोनी, नागज, कवठे महांकाळ आणि मिरज असा. उजनीच्या पाण्याचा पट्टा सोडला तर हा पर्जन्यछायेचा मुलूख. म्हैसाळ, टेंभूच्या उपसा योजनांनी अलीकडे त्याला हिरवे ठिपके दिले आहेत, पण दोन ठिपक्यांच्या मधले माळ अजून माळच आहेत: बाभळी, चिलार, मुरूम आणि दूरवर एखादी पवनचक्की. भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर सायकलपेक्षा फार वेगाने जात नाही. दिवसा ऊन, रात्री माळावरचे गार वारे. स्वयंपाक रस्त्याकडेला तीन दगडांवर. बायकांना आडोशाला जायचे तर अंधार होईपर्यंत थांबायचे; म्हणून दिवसभर पाणी कमी प्यायचे, कोरड्या मुलखात, उघड्या ट्रॉलीत. ट्रॉली माल वाहण्यासाठी नोंदलेली असते, माणसांसाठी नव्हे. मागचा दिवा किंवा लाल पट्टी नसलेली ट्रॉली रात्री महामार्गावर मागून येणाऱ्याला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. ऊसतोड मजुरांच्या वाहनांचे अपघात दर हंगामात घडतात, आणि त्या क्षणी ट्रॉलीतला माणूस कुणाच्याही हजेरीपटावर नसतो.

तुलनेसाठी एक दूरचा रस्ता पाहू. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातले वाळवंट ओलांडणारा स्टुअर्ट महामार्ग डार्विनपासून पोर्ट ऑगस्टापर्यंत अडीच हजार किलोमीटरहून लांब आहे. हौसेने तो पार करणाऱ्या जोडप्यांना तिथे बजावून सांगितले जाते: पाणी जास्त घ्या, इंधनाचे टप्पे आधी पाहा, कुठून कुठे आणि कधी पोहोचणार हे कुणाला तरी कळवून निघा, गाडी बंद पडली तर गाडी सोडू नका. एकाकी रस्त्यावरचा प्रवास ही जोखीम आहे आणि तिची नोंद हवी, हे तिथे सुट्टीवरच्या माणसाच्या बाबतीतही गृहीत आहे. आपल्याकडचे जोडपे सुट्टीवर नाही. ते दुसऱ्याच्या कामासाठी, दुसऱ्याच्या वाहनातून, दुसऱ्याने ठरवलेल्या दिवशी निघालेले आहे. तरीही ते कधी निघाले आणि कधी पोहोचले, हे मुकादमाच्या फोनपलीकडे कुठेही लिहिलेले नसते.

प्रवासाचे दिवस कामाचे धरावेत अशी कल्पनाच कायद्यात नाही असे मात्र कुणी म्हणू नये. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारावर जाण्याचे आणि येण्याचे भाडे देण्याची जबाबदारी टाकली होती. आणि पुढे जाऊन स्पष्ट म्हटले होते की प्रवासाच्या काळात कामगार कामावरच आहे असे धरून त्याला मजुरी द्यावी. शिवाय घर सोडावे लागते म्हणून विस्थापन भत्ता वेगळा. आता त्या कायद्याची जागा २०२० च्या श्रमसंहितेने घेतली आहे. तिच्यातही वर्षातून एकदा जाण्यायेण्याच्या भाड्याची तरतूद आहे, पण तीही आंतरराज्य कामगारापुरतीच. म्हणजे पाटोद्याहून निघालेले जोडपे कागलच्या फडावर उतरले तर त्याच्या प्रवासाला कायद्याच्या लेखी काही किंमत नाही. तोच ट्रॅक्टर दूधगंगेचा पूल ओलांडून कोगनोळीपलीकडच्या फडावर गेला तर आहे. अंमलबजावणी तिथेही दुबळीच, हे खरे. तरी तत्त्व मान्य झालेले आहे, आणि ते फक्त राज्याच्या सीमेला बांधून ठेवले आहे. बीड आणि कोल्हापूर एकाच राज्यात असणे हा प्रशासनाचा योगायोग. त्याने वाट जवळ होत नाही की ट्रॉलीतले हाल कमी होत नाहीत.

यावर पहिला आक्षेप वाहतूकदार घेतात: ट्रॅक्टर आमचा, डिझेल आमचे, वर लाखाची उचल आधीच दिलेली, मग प्रवासाचे आणखी काय द्यायचे? गाडीभाडे मजुराच्या खिशातून थेट जात नाही हे मान्य. पण प्रश्न दिवसांचा आहे. आणि उचल ही मजुरी नाही, कर्ज आहे. पन्नास हजारांपासून लाख-दीड लाखापर्यंतची ती रक्कम टनाटनाने फेडायची असते. कर्ज दिले म्हणून मजुरी दिल्यासारखी होत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर वाटतो: हे काम टनावर आहे, रोजावर नाही, जिथे ऊसच तुटला नाही तिथे मजुरी कशाची मोजणार? पण याच धंद्यात खाडा नावाची वसुली आहे. जोडीतले एक जण आजारी पडले, बाईची पाळी अंगावर गेली, पोराला दवाखान्यात न्यावे लागले, आणि दिवस बुडाला, तर त्या दिवसाचे पैसे कोयत्याच्या खात्यातून कापले जातात. कापताना दिवस मोजता येतो. मग देताना तो मोजता येत नाही, हे म्हणणे टिकत नाही. या खाड्याच्या धाकाचे टोक बीडमध्ये दिसले आहे. ऐन तारुण्यात गर्भाशय काढून घेतलेल्या ऊसतोड बायकांच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. दिवस बुडू नये म्हणून शरीराचा अवयव काढायला माणसे तयार होतात, इतका तो दिवस या व्यवहारात काटेकोर मोजला जातो.

तिसरा आक्षेप कोल्हापूरकडचा आहे, आणि त्यात तथ्य आहे. मुकादम उचल घेतो आणि टोळी येतच नाही. ट्रॅक्टरवाल्याने बँकेचे, सावकाराचे पैसे उचललेले असतात, हंगाम कोरडा जातो, पोलिसांत फिर्यादी होतात. जिल्ह्यात अशी कर्जबाजारी झालेली तरुण वाहतूकदार पोरे गावोगाव आहेत. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण हा राग प्रवासाच्या नोंदीविरुद्ध जात नाही, तिच्या बाजूनेच जातो. आजचा सगळा व्यवहार तोंडी आणि मुकादमाच्या मध्यस्थीने चालतो, म्हणूनच फसवणूक होते. पैसे नेमके कोणत्या जोडप्याच्या हातात पडले हे ट्रॅक्टरवाल्याला कळत नाही आणि आपल्या नावावर किती उचल दाखवली हे जोडप्याला कळत नाही. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने कामगारांची नोंदणी आणि ओळखपत्रे सुरू केली आहेत. गाव सोडतानाच त्या ओळखपत्रावर निघाल्याची तारीख, वाहनाचा क्रमांक, कारखाना आणि मिळालेली उचल चढली, तर पळालेला मुकादमही उघडा पडेल आणि वाटेत अपघात झाला तर ट्रॉलीतली माणसे कोणाच्या कामावर होती हा वादही उरणार नाही.

पोहोचल्यावर वाट संपली असेही नाही. मिरज सोडून अंकलीचा पूल ओलांडला की उदगाव-जयसिंगपूरपासून उसाची भिंत सुरू होते. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी: शिरोळ तालुक्याचा स्वतःचा पाऊस काही फार नाही, मागे टाकलेल्या बीडपेक्षा जास्त तर नाहीच. फरक पाण्याच्या साठवणीचा आणि वाटपाचा आहे. पश्चिमेच्या घाटमाथ्यावरचा पाऊस राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या राधानगरीसारख्या धरणांनी अडवला, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी नद्यांत थोपवला, म्हणून इथे ऊस उभा आहे. धरणाचे पाणी जिथे पोहोचले तिथे तोडणीला माणूस मिळेना, आणि जिथे पोहोचले नाही तिथला माणूस कोयता घेऊन निघाला. या दोघांना जोडणारा रस्ता हा साखर धंद्याचा भाग आहे, गव्हाणीत पडणाऱ्या मोळीइतकाच.

आणि पोहोचूनही काम मिळेलच असे नाही. कोपी उभारायला एक दिवस, कारखान्याच्या चिटबॉयकडून तोडणीचा प्लॉट मिळायला आणखी एखादा. एखाद्या वर्षी गळीतच लांबते. २०२३ च्या नोव्हेंबरात मागील हंगामाच्या वाढीव दरासाठी स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे आंदोलन पेटले होते, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ रोखला गेला होता आणि जिल्ह्यातले कारखाने अडले होते. शेतकऱ्यांची मागणी आपल्या जागी होती. पण आधीच येऊन कोप्या टाकलेली जोडपी त्या दिवसांत घरून आणलेली ज्वारी खात बसून होती. त्यांचा वाद कुणाशीच नव्हता, आणि बसलेल्या दिवसांचे त्यांना कुणीच देणे लागत नव्हते.

शेतकरी विचारेल, शेवटी हे सगळे आमच्याच बिलातून कापणार ना? तोडणी-वाहतूक खर्च एफआरपीतून, म्हणजे उसाच्या रास्त आणि किफायतशीर दरातून, वजा होतो, वर टोळीला खुशाली आणि ड्रायव्हरला एंट्री म्हणून वरकड पैसे द्यावे लागतात, तेव्हा ही भीती अनाठायी नाही. म्हणून आकडा मांडून पाहू. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ होऊन हाताने तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला. एक जोडपे चांगल्या दिवशी दोन टन तोडते, म्हणजे दोघांचे मिळून ७३२ रुपये. जाण्याचे दोन आणि येण्याचे दोन दिवस धरले तर हंगामाला २,९२८ रुपये होतात. त्या जोडप्याने हंगामात दोनशे टन तोडले असे धरू. मग हा बोजा टनामागे पंधरा रुपयांहून कमी पडतो. २०२४-२५ ची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये होती आणि कोल्हापूरचा उतारा त्याहून चांगला असतो. साखर, मळी, वीज आणि इथेनॉल मिळून कारखाना जे मिळवतो त्यातून हे पंधरा रुपये काढता येतात. ते शेतकऱ्याच्या बिलावर न टाकता कारखान्याच्या खर्चात धरावेत, हे मंत्री समितीने हंगामाची तारीख ठरवताना त्याच बैठकीत लिहून द्यावे. हार्वेस्टर येत आहेत, दहा वर्षांत ही माणसेच लागणार नाहीत, असेही सांगितले जाते. शिरोळच्या सपाट, सलग रानात ते शक्य आहे. भुदरगड, आजरा, पन्हाळ्याच्या उतारावरच्या गुंठ्या-गुंठ्यांच्या तुकड्यांत यंत्र वळायलाच जागा नाही; तिथे कोयता अजून बराच काळ चालणार आहे.

मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो, म्हणजे गळीत संपते, आणि हिशेब होतो. उचल, आठवड्याची खर्ची, खाडे वजा जाऊन काही जोडप्यांच्या हातात थोडे पैसे येतात, काहींच्या नावावर बाकी राहते आणि ती पुढच्या वर्षीच्या उचलीत मिळवली जाते. मग तीच ट्रॉली, तोच रस्ता, आता उन्हाळ्यातला: मिरज, नागज, सांगोला, पंढरपूर, करमाळा. मुकादमाच्या वहीतले त्या कोयत्याचे पान शेवटच्या मोळीच्या तारखेला बंद झालेले असते. ते गावी पोहोचल्याच्या तारखेला बंद व्हायला हवे, आणि उघडायला हवे गाव सोडल्याच्या तारखेला.