आभासी सर्व्हर : वाढीव भाराचे मापन

एका प्रत्यक्ष संगणकावर अनेक स्वतंत्र संगणक चालत आहेत, अशी व्यवस्था निर्माण करण्याच्या तंत्रास आभासीकरण म्हणतात. अशा प्रत्येक भासमान संगणकास आभासी यंत्र, त्यात चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला अतिथी प्रणाली आणि प्रत्यक्ष साधनांची वाटणी करणाऱ्या नियंत्रक कार्यक्रमास हायपरवायझर अशी नावे आहेत. तेच काम प्रत्यक्ष यंत्रावर सरळ चालविले असता जो खर्च आला नसता, परंतु हायपरवायझरच्या मध्यस्थीमुळे येतो, तो आभासीकरणाचा वाढीव भार होय. प्रोसेसरचा वेळ, स्मृती व विलंब या तीन रूपांत तो आढळतो. हा भार एकाच टक्केवारीने सांगण्याचा प्रघात आहे. तथापि तो यंत्राचा स्थिर गुणधर्म नसून यंत्र, हायपरवायझर आणि विशिष्ट काम या तिहींवर अवलंबून असणारी राशी आहे. एका सर्व्हरवर किती आभासी यंत्रे बसवावयाची, हे या मापनावरून ठरते. ते चुकल्यास ऐन गर्दीच्या वेळी त्या सर्व्हरवरील सर्वच सेवा एकदम मंदावतात. उलट भार फाजील धरल्यास यंत्रे व वीज यांवर विनाकारण खर्च होतो.

इतिहास : आयबीएम कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील वैज्ञानिक केंद्रात तयार झालेली सीपी-४० ही प्रणाली १९६७ मध्ये वापरात आली. सिस्टिम/३६० मालिकेतील मॉडेल ४० या संगणकात फेरफार करून त्यावर ती चालविली जाई. तिच्यातूनच पुढे सीपी-६७ आणि १९७२ मध्ये जाहीर झालेली व्हीएम/३७० या प्रणाली विकसित झाल्या. जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये आभासी यंत्रासाठी तीन अटी मांडल्या : कार्यक्रमाचे वर्तन प्रत्यक्ष यंत्रावरल्यासारखेच असावे, साधनांवर संपूर्ण ताबा नियंत्रक कार्यक्रमाचा असावा आणि बहुसंख्य आदेश मध्यस्थीविना थेट प्रोसेसरने पार पाडावेत. यांपैकी तिसरी अट वाढीव भाराविषयीची आहे.

इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरची रचना या अटींना अनुकूल नव्हती. यंत्राच्या संवेदनशील स्थितीशी संबंधित असूनही नियंत्रक कार्यक्रमाच्या नकळत पार पडणारे १७ आदेश त्यात असल्याचे जॉन रॉबिन व सिंथिया अर्व्हाइन यांनी २००० मध्ये दाखविले. व्हीएमवेअर या कंपनीने १९९९ मध्ये बाजारात आणलेल्या प्रणालीत असे आदेश कार्यक्रम चालू असतानाच बदलून घेण्याची युक्ती योजली होती. केंब्रिज विद्यापीठात (इंग्लंड) विकसित झालेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झेन या हायपरवायझरने अतिथी प्रणालीतच फेरफार करण्याचा मार्ग पतकरला. इंटेलने २००५ मध्ये व एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची सोय केली. यंत्राच्या साहाय्याने भार आपोआप घटेल, ही अपेक्षा मात्र लगेच खरी ठरली नाही. कीथ ॲडम्स व ओले आगेसेन यांनी २००६ मध्ये केलेल्या तुलनेत, अनेक कामांत ही पहिली सोय आदेश-रूपांतराच्या जुन्या पद्धतीपेक्षा मंद ठरली. तर्काने योग्य वाटणारे अनुमान मापनाने तपासलेच पाहिजे, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

भाराची कारणे : अतिथी प्रणालीचे सामान्य आदेश, उदा., बेरीज वा गुणाकार, थेट प्रोसेसरवर चालतात व त्यांवर भार जवळजवळ पडत नाही. काही क्रियांच्या वेळी मात्र प्रोसेसर अतिथी प्रणाली सोडून हायपरवायझरकडे जातो व काम उरकून परत येतो. अशा प्रत्येक फेरीस काही ठरावीक आवर्तने खर्ची पडतात. समजा, एका फेरीस २,००० आवर्तने लागतात आणि प्रोसेसर सेकंदाला ३०० कोटी आवर्तने करतो. सेकंदाला ५०,००० फेऱ्या झाल्यास १० कोटी आवर्तने, म्हणजे सु. ३·३ टक्के वेळ खर्च होतो; ५ लाख फेऱ्या झाल्यास हेच प्रमाण ३३ टक्क्यांवर जाते. यंत्र तेच असूनही निव्वळ आकडेमोड करणाऱ्या कामाचा भार नगण्य आणि जाळ्यावरून लहानलहान संदेशांची देवाणघेवाण करणाऱ्या कामाचा भार मोठा असू शकतो, तो यामुळेच.

दुसरे कारण स्मृतीच्या पत्त्यांचे रूपांतर हे होय. अतिथी प्रणालीचा पत्ता प्रत्यक्ष स्मृतीच्या पत्त्यात बदलण्यासाठी दोन टप्पे लागतात. हे दोन्ही टप्पे प्रोसेसरनेच पार पाडण्याची सोय एएमडीने २००७ मध्ये व इंटेलने २००८ मध्ये उपलब्ध केली. तीमुळे हायपरवायझरकडील फेऱ्या पुष्कळ कमी झाल्या. परंतु चार पातळ्यांच्या कोष्टकात प्रत्यक्ष यंत्रावर एका रूपांतरास जास्तीत जास्त ४ वेळा स्मृती वाचावी लागते, तर आभासी यंत्रात २४ वेळा. नुकतीच केलेली रूपांतरे प्रोसेसर जवळ साठवून ठेवीत असल्याने हा खर्च एरव्ही जाणवत नाही. विस्तीर्ण स्मृतीत विखुरलेली माहिती शोधणाऱ्या कामांत तो उघड होतो.

मापनाची पद्धती : एकच काम, त्याच यंत्रावर, त्याच प्रणालीच्या त्याच आवृत्तीसह, एकदा प्रत्यक्ष व एकदा आभासी रीत्या चालवून तुलना करणे ही मूलभूत पद्धती होय. दोन्ही वेळी प्रोसेसरची व स्मृतीची उपलब्धता समान ठेवावी लागते. केवळ निष्पत्ती मोजणे पुरेसे नसते. समजा, दोन्ही रीतींनी सर्व्हर सेकंदाला १०,००० विनंत्या पुरवितो. पण त्यासाठी प्रत्यक्ष यंत्रात प्रोसेसरचा ३० टक्के आणि आभासी यंत्रात ६० टक्के वेळ लागतो. निष्पत्ती सारखीच असल्याने भार शून्य भासतो. वस्तुतः दर विनंतीचा खर्च दुप्पट झालेला असतो. मर्यादा जाळ्याची असल्यामुळे तो झाकला जातो आणि शेजारी दुसरे आभासी यंत्र बसविताच प्रकट होतो. म्हणून दर एकक कामामागे लागलेला प्रोसेसरचा वेळ मोजावा व त्यात हायपरवायझरने खर्चलेला वेळही धरावा.

घड्याळाचा प्रश्न विशेष नाजूक आहे. आभासी यंत्राला प्रोसेसर मिळालेला नसतो, त्या काळात त्याचे कामकाज थांबलेले असते आणि त्याचे घड्याळ मागे पडून नंतर भरपाई करीत पुढे सरकू शकते. यास्तव महत्त्वाचे मापन जाळ्यापलीकडील दुसऱ्या प्रत्यक्ष संगणकाच्या घड्याळाने करतात. लिनक्स प्रणाली, हायपरवायझरकडून माहिती मिळत असल्यास, असा हिरावला गेलेला वेळ वेगळा दर्शविते. विलंबाच्या बाबतीत सरासरी फसवी असते. शंभरातील ९९ विनंत्या किती वेळात पुऱ्या होतात, हेही पाहतात.

एकट्या आभासी यंत्राचे मापन अनेकांच्या सहवासाला लागू पडत नाही. कारण प्रोसेसरमधील जलद स्मृती, डिस्क व जाळे ही सामाईक असतात. यासाठी स्पेक या संस्थेने २०१० मध्ये प्रमाणित कसोटी प्रसिद्ध केली. तीत वेब, टपाल इत्यादी निरनिराळ्या सेवा देणाऱ्या आभासी यंत्रांचा एक संच घेऊन, सेवेचा दर्जा टिकून आहे तोवर संचांची संख्या वाढवीत नेतात.

मापनास कालमर्यादाही असते. प्रोसेसरमधील मेल्टडाउन, स्पेक्टर व एल१टीएफ हे सुरक्षादोष २०१८ मध्ये उघड झाले. त्यांवरील उपायांमुळे, विशेषतः आभासी यंत्रात शिरण्यापूर्वी प्रोसेसरमधील पहिल्या पातळीची जलद स्मृती रिकामी करण्याच्या उपायामुळे, प्रत्येक फेरीचा खर्च वाढला आणि पूर्वीचे आकडे तसेच वापरणे अयोग्य ठरले. म्हणून वाढीव भाराचा आकडा देताना कामाचा प्रकार, यंत्र व प्रणाली यांच्या आवृत्त्या, सहवासी आभासी यंत्रांची संख्या आणि मापनाची तारीख यांचा निर्देश करणे आवश्यक असते.