उजळाईवाडीचा विमानतळ आपल्या काय कामाचा?



भांगलण करताना डोक्यावरून विमान गेलं की आपण मान वर करून बघतो आणि "ते मोठ्या लोकांचं" म्हणत परत खुरपं चालवतो. पण हा विमानतळ हातकणंगल्याच्या शेजारच्याच करवीर तालुक्यात आहे, आणि त्याची धावपट्टी वाढवायला गेलेली जमीन शेतकऱ्यांचीच आहे. म्हणून त्याची माहिती आपल्यालाही हवी.

कोल्हापूर संस्थानच्या छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, ५ जानेवारी १९३९ रोजी हा विमानतळ सुरू झाला. पुढं मात्र त्याचं रडतखडत चाललं. विमानसेवा सुरू व्हायची, बंद पडायची. २०११ नंतर तर काही वर्षं नियमित प्रवासी विमानच नव्हतं.

असं का व्हायचं? पहिलं कारण धावपट्टी. विमान जेवढं मोठं, तेवढी त्याला पळायला लांब जागा लागते. आपली धावपट्टी १,३७० मीटरच होती, त्यामुळं लहान विमानंच उतरायची. दुसरं कारण प्रवासी. खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर कंपनीला परवडत नाही. एस.टी.च्या फेरीसारखंच आहे हे.

मग केंद्र सरकारची 'उडान' योजना आली. लहान शहरांच्या मार्गावर काही खुर्च्या ठरलेल्या कमी दरात द्यायच्या आणि कंपनीची तूट सरकारनं काही वर्षं भरायची. त्यातून एप्रिल २०१८ मध्ये मुंबईचं १८ खुर्च्यांचं विमान सुरू झालं, डिसेंबरात हैदराबादचं. नंतर धावपट्टी वाढली, रात्री उतरायची सोय झाली आणि मार्च २०२४ मध्ये नव्या इमारतीचं उद्घाटन झालं.

आता आपला हिशोब. मुंबईच्या प्रदर्शनाला चटणी, पापड, गूळ असा पोत्यानं माल न्यायचा असेल तर रेल्वे किंवा टेम्पोच बरा. विमानात ठरावीक किलोच नेता येतं, वरच्या वजनाला जादा पैसे पडतात. पण अचानक मोठ्या ऑर्डरची बोलणी असली, दवाखान्याची निकड असली, तर जाण्यायेण्याच्या दोन रात्री वाचतात. दर रोज बदलतो, म्हणून तिकीट जितकं आधी काढाल तितकं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

जाताना एवढं ध्यानात ठेवा:

• तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच हवं. आधारवर माहेरचं आणि तिकिटावर सासरचं नाव असलं तर दारातच अडवतात.
• दोन तास आधी पोहोचा. आधार कार्ड मूळ ठेवा.
• मिरचीपूड, लोणचं, कात्री, विळी हातातल्या पिशवीत चालत नाही. ते मोठ्या बॅगेत घाला.
• पॉवर बँक मात्र हातातल्या पिशवीतच ठेवा.
• अख्खं सुकं खोबरं नेऊ नका. त्यात तेल असतं, पेट घेण्याची भीती असते.

पहिल्यांदा जाताना भीती वाटणारच. बँकेत पहिल्यांदा सही करताना आपला हात थरथरला नव्हता का? आज त्याच बँकेत आपण कर्जाचं बोलतो.

पुढच्या बैठकीत एक काम करा. गटातल्या प्रत्येकीनं आपलं आधार कार्ड आणि बँक पासबुक शेजारी ठेवून नाव जुळतंय का बघा. जुळत नसेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. विमानात बसा न बसा, ते कामाला येईलच.