कंसातल्या मिनिटांचं करिअर

खो-खोच्या सामन्याची बातमी कधी नीट वाचलीये? खेळाडूच्या नावापुढे कंसात ‘२.१० मि. संरक्षण’ असं काहीतरी छापलेलं असतं. गडी बाद करणाऱ्याचे गुण फळ्यावर लगेच दिसतात. संरक्षकाची कमाई मात्र ही एवढीच, कंसातली मिनिटं.

तिघांच्या तुकडीनं मैदानात उतरायचं आणि आक्रमकांना हुलकावण्या देत जमेल तेवढा वेळ टिकायचं. दोन मिनिटं म्हणजे कमी वाटतात ना? एकदा पळून बघा!

सुरगाण्याच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. तालुक्यातलं अलंगुण हे गाव खो-खोपटूंसाठी ओळखलं जातं, तेही खासकरून मुलींमुळे. पण घरातला प्रश्न ठरलेला असतो, ‘पळून पुढे काय?’

२०२२ मध्ये याचं एक उत्तर मिळालं. पुण्यात बालेवाडीला ‘अल्टिमेट खो-खो’ लीग सुरू झाली. सहा संघ, मॅटवरचा खेळ, टीव्हीवर थेट प्रक्षेपण. तुकडी ठरावीक वेळेपेक्षा जास्त टिकली तर ‘ड्रीम रन’चे गुण मिळू लागले. म्हणजे संरक्षकाची मिनिटं पहिल्यांदाच थेट फळ्यावर आली! सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप याच लीगमध्ये चेन्नईकडून चमकला. पुढे २०२५ चा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता.

आता दुसरी बाजू. लीगचे पहिले दोन्ही हंगाम जेमतेम तीन-तीन आठवड्यांचे होते. अमेरिकेत आइस हॉकीच्या दुय्यम लीगमध्ये, एएचएलमध्ये, एक संघ हंगामात ७२ साखळी सामने खेळतो. तिथला बचावपटू मोठ्या लीगमध्ये पोचला नाही तरी ऑक्टोबर ते एप्रिल खेळाडू म्हणूनच जगतो. आपल्याकडे तीन आठवडे संपले की उरलेल्या वर्षाचं काय?

आणि मुलींचं काय? ते दोन्ही हंगाम फक्त पुरुषांचे होते. दिल्लीत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात प्रियांका इंगळेच्या संघानं नेपाळला ७८-४० असं हरवलं, तोवर मुलींच्या वाट्याला अशी लीग आलीच नव्हती.

म्हणून खेळताय तर डोळे उघडे ठेवून खेळा. रेल्वे, विमानतळ प्राधिकरण यांचे खो-खो संघ आहेत. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी स्पर्धेचं प्रमाणपत्र नियमात बसावं लागतं आणि क्रीडा विभागाच्या उपसंचालक कार्यालयाकडून त्याची पडताळणी करून घ्यावी लागते. जाहिरात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे काम आधीच उरका. पदवीही सोडू नका.

आणि हो, नाव छापून आलेलं प्रत्येक कात्रण जपून ठेवा. घरात पुन्हा ‘पुढे काय?’ विचारलं, तर आधी तो कंस दाखवा, मग पडताळणी झालेलं प्रमाणपत्र.