जिभेचा तणावा

सोलापूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. यजमानांच्या घोरण्याने सारे घर जागे राहते म्हणून त्यांची रीतसर तपासणी करविली, तीत स्लीप ॲप्निया हा विकार मध्यम प्रमाणात निघाला, नाकावर मुखवटा चढवून निजावयाचे यंत्र मात्र त्यांना सोसेना. तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली ती थेट दंतवैद्याच्या नावाने. घशाच्या फिर्यादीची दाद दातांच्या कचेरीत कशी लागावी, असा त्यांचा सवाल आहे, आणि तो रास्त आहे.

घोरण्याला आपण गाढ निद्रेचे गमक समजत आलो. घोरता घोरता माणूस एकाएकी गप्प झाला, की ‘आता कुठे डोळा लागला’ म्हणून घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकावा, हा तर नित्याचा प्रकार. वास्तविक ज्या घटकेला घरच्यांचा निःश्वास सुटतो, त्याच घटकेला त्या बिचाऱ्याचा श्वास अडकलेला असतो. छाती-पोट हलत असते, पण वाटच बंद झाल्यामुळे हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, घशाचे स्नायू ताठरतात, आणि मोठ्या हिसक्यासरशी श्वास व घोरणे ही दोन्ही पुन्हा सुरू होतात. असा खंड निदान १० सेकंदांचा पडला, म्हणजे त्याची नोंद होते. तासाला ५ हून कमी नोंदी कोणी हिशेबात धरीत नाही. ३० वर गेल्या तर दुखणे तीव्र ठरते, म्हणजे दर दोन मिनिटांनी कोणी गळा आवळून सोडावा अशी ती रात्र. सकाळी यातले काहीएक त्याला स्मरत नाही. आपल्याच खटल्यात गैरहजर राहिलेल्या या फिर्यादीस एवढेच ठाऊक असते, की आठ तास निजूनही दुपारी दप्तरावर मान कलंडते आणि रक्तदाब गोळ्यांना जुमानीत नाही. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनी ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ साली जे आकडे प्रसिद्ध केले, त्यांत दिवसाच्या पेंगेसह हा विकार असलेल्यांचे प्रमाण शेकडा ७.५ भरले.

आता दातांचा संबंध. मामलेदाराचा मुक्काम ज्या काळी तंबूत पडत असे, त्या काळच्या तंबूची आठवण करावी. श्वासनलिकेला कूर्चेची कडी आहेत, नाकाला हाडांचा आधार आहे. परंतु या दोहोंमधला, जिभेच्या मागचा जो घसा, त्याला पुढच्या अंगाने असा ताठ आधार मुळीच नाही, तो निव्वळ कापडी तंबू आहे. जीभ ही त्याची पुढची कनात, आणि हनुवटीच्या हाडाच्या आतल्या अंगास बांधलेला जिभेचा मुख्य स्नायू हा त्या कनातीचा तणावा. दिवसा फर्रास जागा असतो, तणावे ताठ असतात. रात्री त्याला पेंग आली की ते सैल पडतात, उताण्या निजलेल्याची जीभ स्वतःच्या भाराने मागे येते, आणि प्रत्येक श्वासाच्या ओढीबरोबर कनात अधिकच आत ओढली जाते. गळ्याभोवती चरबी साठलेली असली किंवा जबडा मुळातच आखूड असला, तर तंबू आधीच अरुंद. (जनावरांना हा त्रास आपल्याइतका का होत नाही, याचे उत्तर देताना काही शास्त्रज्ञ असा तर्क करतात, की बोलता यावे म्हणून माणसाचा घसा असा मऊ व लवचीक झाला, तसे असल्यास घोरणे ही वाणीवर बसलेली जकातच म्हणावयाची.) निजलेल्या माणसाचा तणावा ताणणे कोणाच्या हाती नाही, पण ज्या मेखेला तो बांधलेला आहे ती मेख, म्हणजे खालचा जबडा, काही मिलिमीटर पुढे सरकविता आली, तर कनात आपोआप ताठ होते. दंतवैद्याची सारी करामत एवढ्यात आली.

ही करामत शस्त्रवैद्यांना पूर्वीच उमगली होती. क्लोरोफॉर्मने बेशुद्ध केलेल्या रोग्याची जीभ मागे पडून तो निळा पडू लागला, म्हणजे जबड्याच्या कोनामागे बोटे घालून तो पुढे उचलावयाचा. या हस्तलाघवास कील येथील शल्यविशारद फ्रीड्रिख फॉन एस्मार्ख यांचे नाव चिकटले आहे. आमचा मराठवाडा ज्यांच्या अमलाखाली होता त्या निजामांच्या खर्चाने १८८९ साली हैदराबादेस जे दुसरे क्लोरोफॉर्म कमिशन बसले, त्याच्या मागे असलेले सर्जन एडवर्ड लॉरी यांचा तर हेकाच होता, की नाडीकडे पाहू नका, श्वासाकडे पाहा. हृदयाविषयीचे त्यांचे म्हणणे पुढे चुकीचे ठरले. श्वासाकडे पाहण्याचा सल्ला मात्र अद्याप बाद झालेला नाही.

शस्त्रक्रियेच्या मेजावर जे घडते तेच घरोघर अंथरुणात घडत असेल, हे ज्याने ओळखले त्या माणसावर माझा विशेष लोभ आहे. पिएर रोबँ (१८६७–१९५०) हे पॅरिसचे मुखरोगतज्ज्ञ. दोन्ही दंतपंक्तींवर बसणारे, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे ‘मोनोब्लॉक’ नावाचे एकसंध उपकरण त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच वापरात आणले होते. आणि १९२३ साली त्यांनी असे प्रतिपादन केले, की आखूड जबड्याच्या अर्भकांची जीभ मागे पडून श्वासमार्ग अडतो व त्यातच ती दगावतात. वैद्यकाने त्यांचे नाव अशा अर्भकांच्या व्यंगाला देऊन टाकले, आणि नाव दिले म्हणजे ऋण फिटले अशा थाटात बाकीचे दप्तर बांधून ठेवले. यात दोष काही अंशी रोबँचाही होता. जीभ मागे पडणे हे मुलांवरचे गंभीर संकट आहे, अशा मथळ्याचे पुस्तकच त्यांनी १९२९ साली काढले, आणि बालकांच्या शरीराच्या नि बुद्धीच्या अनेक कुरबुरी या एकाच खात्यावर मांडल्या. सर्व रोगांवर एकच कारण सांगणाऱ्याचे खरे कारणही लोक ऐकून घेत नाहीत.

मग मोठी माणसे तशीच पेंगत राहिली. १९५६ साली अमेरिकेतील बर्वेल व सहकाऱ्यांनी एका गलेलठ्ठ व्यापाऱ्याची हकीकत छापली. पोकरच्या डावात तीन एक्के व दोन बादशहा असे घबाड हाती आले असताना हा गृहस्थ पाने हातात धरूनच झोपी गेला, आणि मगच त्याला प्रकृतीची काळजी वाटू लागली. डिकन्सच्या पिकविकमधील झोपाळू पोरावरून विकाराला नाव मिळाले, पण ठपका रक्तात साठणाऱ्या कर्बवायूवर ठेवला गेला. झोपेत श्वास नोंदून खरा गुन्हेगार पकडला तो १९६५ मध्ये, मार्सेय येथील गास्तो यांच्या आणि जर्मनीतील युंग व कूलो यांच्या तुकड्यांनी, स्वतंत्रपणे. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकातून दाबाने हवा सोडून तंबू आतूनच फुगविण्याची युक्ती प्रसिद्ध केली, जी आज मुखवट्याच्या यंत्राच्या रूपाने सर्वत्र दिसते. आणि १९८४ मध्ये जर्मनीत मायर-एव्हर्ट यांनी जबडा पुढे धरणारे उपकरण प्रौढांसाठी पुढे आणले. त्याला नाव पडले ते एस्मार्ख यांचे!

आजचे उपकरण दातांचे माप घेऊन बनविलेल्या दोन साच्यांचे असते, आणि मेख एकदम न सरकविता काही आठवडे थोडी थोडी पुढे घेतात. हवेच्या यंत्राइतके ते समर्थ नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. खुद्द सलिव्हन यांच्या सिडनीतच १२६ रोग्यांवर झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत यंत्राने श्वासखंड तासाला सुमारे ४.५ वर आले, उपकरणाने ११ वर. परंतु यंत्र रोज सरासरी ५.२ तास वापरले गेले, उपकरण ६.५ तास, आणि महिनाअखेर रक्तदाब व दिवसाची पेंग यांत दोहोंत फारसा फरक उरला नाही. खुंटीवर टांगलेला मुखवटा कितीही समर्थ असला, तरी तो खुंटीलाच बरे करणार. उपकरणाचेही उपद्रव आहेत: सकाळी जबडा दुखतो, लाळ गळते, आणि वर्षानुवर्षांच्या वापराने दातांची चावण्याची ठेवण बदलते, पुरेसे पक्के दात नसणाऱ्यास तर त्याचा उपयोगच नाही.

रोबँचा दोषही त्यांच्या गुणाबरोबर वारशाने उतरला आहे. टाळू रुंद केला की मुलाचे घोरणे, चिडचिड, अभ्यासातले दुर्लक्ष सारे पळते, असे छातीठोक सांगणारे आजही भेटतात. आणि गरम पाण्यात मऊ करून चावावयाचे साचे जाहिरातीने घरपोच येतात. त्यांत धोका असा, की आवाज थांबतो पण श्वासाचे अडणे चालूच राहू शकते, आणि चौकीदार गप्प केल्यावर चोरीचा पत्ता लागत नाही.

तेव्हा भगिनींनी चिठ्ठी घेऊन निःशंक जावे. दंतवैद्य यजमानांना आ करावयास व जीभ बाहेर काढावयास सांगतील, आणि पडजीभ कितपत दिसते ते पाहतील. ही परीक्षा मूळ आंध्रच्या भूलतज्ज्ञ मल्लंपाटी यांनी १९८५ साली बोस्टनहून प्रसिद्ध केली, भुलीच्या वेळी श्वासनलिकेत नळी घालणे कितपत अवघड जाईल याचा अंदाज बांधण्यासाठी. जिभेच्या कडांवर दातांचे वळ आहेत का, दाढा झिजल्या आहेत का, हेही ते पाहतील. उपकरण नीट बसले, म्हणजे ते तोंडात ठेवूनच झोपेची तपासणी पुन्हा एकवार करवून घ्यावी. आणि दोन्ही खेपांना स्वतः बरोबर जावे. मधली शांतता किती वेळ टिकते, हे विचारले असता यजमान काय सांगणार?