कडी आतूनच निघाली

“सर, गटे आणि बेथोव्हेन यांच्या देशाने हिटलर कसा पत्करला?” परवा वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले. मी मराठीचा प्राध्यापक. पण हा प्रश्न इतिहासाच्या वर्गाकडे ढकलून मोकळे होता येईना.

वाचकहो, आपल्यासारखीच पगारावर जगणारी, पै पै साठवणारी माणसे डोळ्यांसमोर आणा. 1914 साली, युद्धापूर्वी, डॉलरला सुमारे चार मार्क पडत. नोव्हेंबर 1923 मध्ये 4 लाख 20 हजार कोटी पडू लागले. जन्मभराच्या शिलकेत पावही येईना! पुढे चलन सावरले. विश्वास मात्र सांधला नाही. तरीही मे 1928 च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला जागा मिळाल्या अवघ्या 12.

मग 1929 ची मंदी आली. 1932 च्या प्रारंभी बेकारांची संख्या 60 लाखांवर गेली. मौज अशी, की बेकार मजूर अधिक वळले ते कम्युनिस्टांकडे. हिटलरच्या मागे मोठ्या संख्येने गेले दुकानदार, कारागीर, शेतकरी. त्यांची पायरी अजून सुटली नव्हती. पण सुटेल, ही धास्ती होती. उपासापेक्षा ही धास्ती अधिक आंधळी! जुलै 1932 मध्ये 12 जागांच्या 230 झाल्या.

तिकडे संसद भांडणांत अडकली. 1930 पासून बहुमत नसलेली सरकारे घटनेच्या 48 व्या कलमाखाली वटहुकुमांवर कारभार हाकू लागली. 1932 साली संसदेने कायदे केले केवळ 5. संसदेवाचूनही राज्य चालते, याची लोकांना सवय झाली.

तरीही हिटलर अटळ नव्हता. नोव्हेंबर 1932 मध्ये त्याच्या जागा 196 वर उतरल्या. पण माजी चॅन्सेलर पापेन आदी मंडळींना वाटले, याला पुढे करू आणि दोऱ्या आपल्या हाती ठेवू. 30 जानेवारी 1933 रोजी वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी त्याला चॅन्सेलर नेमले. 23 मार्चला संसदेने 444 विरुद्ध 94 मतांनी कायदे करण्याचा आपला अधिकारच त्याच्या सरकारला देऊन टाकला. कम्युनिस्ट सभासद तोवर तुरुंगात वा परागंदा. विरोधातली 94 मते एकट्या सोशल डेमोक्रॅटांची.

“चोराने दार फोडले नाही, पोरी,” मी म्हणालो. “घरातल्या शहाण्यांनीच कडी काढली.”

घंटा झाली. वही मिटत ती म्हणाली, “आणि ते 94 जण?”

त्यांतल्या पुष्कळांच्या वाट्याला तुरुंग आणि छळछावण्या आल्या, हे मी तिला सांगितले. उरलेल्या 444 जणांविषयी मात्र तिने काही विचारले नाही.